'डोळा डायलेट करायचाय' म्हणजे काय?

राहाता परिसरातल्या पेशंटना 'डोळा डायलेट करायचाय' असं सांगितलं की अनेकांना ऑपरेशनच वाटतं. पण हे फक्त थेंब असतात.

लॅटिनमध्ये 'लाटुस' म्हणजे रुंद. त्यावरून 'डिलाटारे', म्हणजे रुंदावणे, आणि त्यातून इंग्रजी 'डायलेट'. (एखाद्या विषयावर लांबण लावणे, हाही त्याचा एक अर्थ!) इथे रुंदावते ती बुबुळामधली बाहुली. गंमत म्हणजे लॅटिनमध्येही तिला 'पुपिला', म्हणजे छोटी बाहुलीच म्हणत. समोरच्याच्या डोळ्यात आपलं इवलंसं प्रतिबिंब दिसतं ना, म्हणून.

युरोपात यासाठी 'बेलाडोना' ही वनस्पती वापरत. इटालियनमध्ये याचा अर्थ सुंदर स्त्री. तिच्यातलं अ‍ॅट्रोपिन 19व्या शतकात वेगळं काढलं गेलं. आपल्या बांधावरच्या धोतऱ्यातही ते असतं. धोतऱ्याचं शास्त्रीय नाव 'दातुरा' हे तर संस्कृत 'धत्तूर'वरूनच आलंय.

म्हणून धोतरा उपटून तोच हात डोळ्याला लावला, तर बाहुली मोठी होऊन धूसर दिसतं. एकच बाहुली मोठी होणं हे मेंदूच्या गंभीर आजाराचंही लक्षण असतं, त्यामुळे लगेच दवाखान्यात जा आणि धोतऱ्याचं आवर्जून सांगा. तपासणीच्या थेंबांचा परिणाम मात्र बहुधा काही तासांत उतरतो. तोवर मोटारसायकल दुसऱ्याला चालवू द्या.