कोरंटी दवाखाना आणि पिसू

हैदराबादेत नल्लकुंट्याला एक सरकारी इस्पितळ आहे. नाव सर रोनाल्ड रॉस यांचे, व्यवहारात 'फीव्हर हॉस्पिटल', आणि जुन्या माणसांच्या तोंडी 'कोरंटी दवाखाना'. ही कोरंटी आपल्या अंगणातल्या फुलझाडाची नव्हे. 'क्वारंटाइन' हा शब्द दख्खनी जिभेवर घासून घासून असा गोल झाला. साथीच्या रोग्यांना वेगळे ठेवण्यासाठी १९१५ साली निघालेला दवाखाना हे त्याचे मूळ. रॉसने १८९७ च्या ऑगस्टात सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू पाहिला, म्हणून पुढे त्याचे नाव दिले गेले. डासाचा असा मान झाला, ते योग्यच. पण या शहराचा नकाशा बदलायला जी कारण झाली, त्या पिसवेची आठवण कोणी ठेवलेली नाही.

पिसू म्हणजे काय, हे ज्याच्या घरात ती एकदा झाली त्याला सांगावे लागत नाही. आमच्या गावाकडच्या घरात माजघरालगतची एक खोली दोन महिने बंद होती. आत मांजर व्यायली होती, पिले घेऊन निघूनही गेली होती. पावसाळ्यात कुलूप काढून मी आत पाऊल टाकले आणि गुडघ्यापर्यंत तिळासारखे काळे ठिपके उडाले. आजीने मला उंबऱ्याबाहेरच थांबवले. अंथरुणे उन्हात टाकली, जमीन उकरून भेगा बुजवल्या, शेणाने दोनदा सारवले, कडुनिंबाच्या पाल्याची धुरी दिली. धुरीचा उपयोग किती झाला असेल, याची मला शंका आहे. पण ऊन आणि सारवण ही खरी औषधे. पिसवेची अंडी जनावराच्या अंगावरून खाली गळतात, अळी भेगांतल्या धुळीत वाढते आणि कोशात गेली की महिनोन्‌महिने वाट पाहते. पावलाचा हादरा बसला, अंगाची ऊब लागली की बाहेर पडते. बंद घर निर्धोक, ही आपली समजूत तिच्या बाबतीत साफ चुकीची.

हीच चूक प्लेगाच्या काळी सरकारने केली. १८९६ साली मुंबईच्या मांडवीत साथ सुरू झाली. पुढे पुण्यात रँडसाहेबांच्या अमलात काय घडले, ते मराठी वाचकाला पाठ आहे. घरांत सोजिरांची झडती, कार्बोलिकचे फवारे, अंथरुणांच्या होळ्या. रोग घाणीत आहे, दमट हवेत आहे, माणसाच्या अंगावर आहे, असे तेव्हाचे शास्त्र. १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने पिसवेवर बोट ठेवले. एका लोकरीच्या कारखान्यात सकाळी मेलेल्या उंदरांचा खच पडला होता. तो उचलायला वीस मजूर लावले. तीन दिवसांत त्यांतले दहा प्लेगाने पडले, बाकीच्या कामगारांना काही झाले नाही. उंदीर थंड पडला की पिसवा त्याला सोडून जवळच्या उबदार अंगावर उडी घेतात, हे त्याचे अनुमान. विद्वानांनी ते हसण्यावारी नेले. १९०५ नंतर परळच्या प्रयोगशाळेत प्लेग संशोधन आयोगाने गिनीपिगांचे पिंजरे मांडले. जमिनीलगतच्या पिंजऱ्यातले प्राणी मेले, दोन फूट उंच टांगलेले वाचले, कारण तेवढी उडी पिसवेला जमत नाही. तेव्हा कुठे सिमाँ खरा ठरला.

आमच्या मोगलाईत ही साथ पश्चिमेकडून, सोलापूरला लागून असलेल्या नळदुर्गाच्या बाजूने शिरली. माणसे तपासता येत होती. पोत्यात लपलेला उंदीर आणि चिंधीत बसलेली पिसू कोण तपासणार? लोकांजवळ मात्र एक जुने शहाणपण होते. 'उंदीर पडले' एवढे दोन शब्द कानावर आले की गाव बाहेर निघे. रानात पाल्याच्या झोपड्या उठत आणि उन्हे चढेपर्यंत कोणी परतत नसे. दख्खनच्या कोरड्या उन्हाळ्यात पिसू फार तग धरत नाही, त्यामुळे परतण्याची वेळही बरोबर साधे. सिमाँचे नावही न ऐकलेल्या बायका हे करीत होत्या. तरी वाकळी झटकून उन्हात न घालता तशाच डोक्यावर घेऊन निघालेल्या घराबरोबर पिसवाही रानात जात, हेही खरे.

हैदराबाद शहराला असे सगळेच्या सगळे रानात जाता येईना. १९०८ चा मुसीचा पूर ओसरून तीन वर्षे होतात न होतात, तोच १९११ मध्ये ताऊन आला. त्याच वर्षी मीर उस्मान अली खान गादीवर आले. १९१२ साली शहर सुधारणा मंडळ स्थापन झाले. उर्दूत त्याचे नाव सुरेख: आराइशे बल्दा, म्हणजे शहराचा शृंगार. दाट वस्त्या मोकळ्या झाल्या, रस्ते रुंद झाले, पथरगट्टीच्या दगडी कमानी उभ्या राहिल्या. आज तिथे कापड घ्यायला जाणारी आमच्याकडची मंडळी त्या कमानी पाहून निजामाच्या ऐश्वर्याचे कौतुक करतात. त्यांच्यामागे साथीची भीती उभी आहे, हे कोणाच्या ध्यानात येत नाही. पिसवेचा गुन्हा तोवर शाबीत झाला होता, तरी रुंद रस्त्याने पिसू मरत नाही. ती मरते पक्क्या फरशीने, बिळे बुजल्याने, धान्याच्या कणग्या उंदरापासून राखल्याने. ज्यांना नवी पक्की घरे मिळाली, त्यांची सुटका झाली. ज्यांची नुसतीच मोडली, त्यांनी आपली मातीची जमीन आणि तिच्यातल्या भेगा शहरात दुसरीकडे नेल्या, असेच म्हणावे लागते.

१९९४ साली सुरतेच्या आधी बीड जिल्ह्यातल्या मामल्याचे नाव वर्तमानपत्रांत आले. हेही जुन्या निजामी मुलखातलेच गाव. तिथे ऑगस्टात उंदीर पडले, पाठोपाठ घरांतून पिसवा चावू लागल्याच्या तक्रारी आल्या आणि गाठीचे रोगी त्यानंतर दिसले. सिमाँने कराचीत मांडलेला क्रम तो हाच. फवारणी करणारे या वेळी माणसांची झडती घेत बसले नाहीत. ते औषध घेऊन थेट घरांत शिरले.