लांकडी पेटीचें श्रेय

इतिहासकारांची एक जुनी खोड अशी आहे कीं, जें चमकतें त्याच्याच पदरांत ते सारें श्रेय टाकतात. लढाईचें यश सेनापतीच्या नांवावर जमा होतें. फौजेचा दाणागोटा वाहणारा बैल बखरींत शिरत नाहीं. गेल्या शतकांतील वाद्यसंगीताच्या इतिहासांतहि असा एक उपेक्षित बैल आहे. विजेच्या गिटारीविषयीं लिहिणारे लोक वादकाच्या बोटांविषयीं लिहितात, गिटारीच्या घडणीविषयीं लिहितात, आणि फार झालें तर ध्वनिवर्धकाच्या, म्हणजे ॲम्प्लिफायरच्या, पोटांतील व्हॉल्व्हविषयीं लिहितात. पण तो नाद शेवटीं ज्या लांकडी पेटींतून जगाच्या कानांवर पडतो, तिचा उल्लेख ओझरताच होतो. त्या पेटीचा वांटा तिला मिळवून द्यावा, आणि तो देतांना तिच्या वांट्याहून अधिकहि देऊं नये, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

हा विषय मला सुचला तो महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनाच्या तालमींत. आमच्या विद्यार्थ्यांनीं एकच ध्वनिवर्धक दोन पेट्यांना आळीपाळीनें जोडून पाहिला. पहिली पेटी लहानशी, पाठ उघडी, आंत दोन स्पीकर. दुसरी कमरेएवढी उंच, पाठ फळीनें घट्ट बंद केलेली, आंत बारा इंची चार स्पीकर. वादक तोच, तान तीच, आणि ध्वनिवर्धकाच्या एकाहि खुंटीला कोणीं हात लावला नव्हता. तरीहि पहिल्या पेटीचा आवाज मोकळा, हलका, सभागृहभर पसरणारा असा होता. दुसरीचा आवाज भरीव, घट्ट, आणि छातीवर थाप मारल्यासारखा येत होता. मीं विचारलें, “यंत्र बदललेंत काय?” गिटारवाला मुलगा हंसून म्हणाला, “नाहीं सर, नुसतें खोकें बदललें.”

आपल्याकडील रसिकांना ह्याचें फारसें नवल वाटूं नये. मिरजेच्या तंबोऱ्याच्या तारा कितीहि उत्तम असोत, भोपळा नसेल तर त्यांची आस ऐकूं येणार नाहीं. तार आणि भोपळा मिळूनच तें वाद्य होतें. विजेच्या गिटारीची गंमत एवढीच कीं, तिचा भोपळा तिच्यापासून तोडून दहा हात दूर ठेवलेला असतो. आणि दूर ठेवल्यामुळेंच तो वाद्याचा अवयव आहे ह्याचा लोकांना विसर पडला.

आतां ह्या पेटीचें कूळ पाहूं. कागदी शंकूच्या मुळाशीं तारेचें वेटोळें बसवून तें चुंबकाच्या फटींत हालवावयाचें, ह्या रचनेच्या स्पीकरचें शास्त्रशुद्ध रूप १९२५ सालीं अमेरिकेंतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या राइस आणि केलॉग ह्या संशोधकांनीं प्रसिद्ध केलें. ह्या रचनेंत एक उपजत अडचण आहे. शंकु पुढें सरकला म्हणजे समोरची हवा दाबली जाते, आणि त्याच क्षणीं पाठीमागची हवा विरळ होते. अशा रीतीनें एकाच वेळीं परस्परविरुद्ध अशा दोन लहरी निघतात, व त्यांची गांठ पडली कीं त्या एकमेकींना गिळून टाकतात. म्हणून स्पीकरभोंवतीं फळी किंवा पेटी लागतेच. ती शोभेसाठीं नसून भांडखोर जुळ्यांना वेगळें ठेवण्यासाठीं असते.

पण हें वेगळें ठेवणें किती साधतें, तें स्वराच्या उंचीवर अवलंबून असतें. गिटारीची सर्वांत खर्जांतील तार सेकंदास सुमारें ८२ कंपनें करते. तिच्या लहरीची लांबी चार मीटरांहून अधिक भरते. एवढी लांब लहर पाऊण मीटरच्या पेटीला सहज वळसा घालते. पेटीची पाठ उघडी असेल तर मागची लहर पुढें येऊन पुढच्या लहरीला भेटते, आणि खर्ज रोडावतो. उलट सेकंदास तीन हजार कंपनांच्या लहरीची लांबी अकराबारा सेंटिमीटरच असते. तिला असा वळसा घालतां येत नाहीं, म्हणून वरच्या स्वरांचें कांहीं बिघडत नाहीं. शिवाय मागें गेलेला आवाज भिंतीवर आपटून परततो व ऐकणाऱ्याला खोलीचा विस्तार जाणवतो. पाठ बंद केली म्हणजे मागची लहर कोंडली जाते. खर्ज शाबूत राहतो, आणि कोंडलेली हवा, तोंड दाबून धरलेल्या सायकलच्या पंपाप्रमाणें, शंकूला परत रेटते. चार शंकु शेजारीं शेजारीं असले तर खर्जांत ते एकाच मोठ्या शंकूसारखे वागतात. परंतु तार स्वर मात्र अरुंद झोतांत पुढें फेंकतात. त्यामुळें अगदीं समोर बसलेल्याला आवाज बोंचतो, तर बाजूस बसलेल्याला तोच बोथट वाटतो.

एवढी पूर्वपीठिका ध्यानांत घेतली म्हणजे १९५० ते १९७० ह्या काळांतील इतिहास एखाद्या प्रयोगशाळेसारखा उलगडूं लागतो. अमेरिकेंत कॅलिफोर्नियामधील फुलर्टन गांवीं लिओ फेंडर हे गृहस्थ प्रथम रेडिओदुरुस्तीचें दुकान चालवीत असत. त्यांना स्वतःला गिटार वाजवितां येत नसे. त्यांच्या ध्वनिवर्धकांच्या पाइनच्या पेट्या बहुधा उघड्या पाठीच्या असत. रेडिओच्या पेट्यांचीहि पाठ अशीच मोकळी असे, आणि तापणाऱ्या व्हॉल्व्हना वाराहि लागे. तेव्हां हें वळण फेंडर ह्यांनीं आपल्या जुन्या धंद्यांतूनच उचललें असावें, असा माझा तर्क आहे. १९५२ सालीं त्यांनीं बेस गिटारीसाठीं ‘बासमन’ नांवाचा ध्वनिवर्धक काढला. त्यांत आरंभीं पंधरा इंची एक स्पीकर होता. दोनतीन वर्षांतच त्याच्या जागीं दहा इंची चार स्पीकर, उघड्या पाठीच्या पेटींत, आले. गंमत अशी कीं, बेसवाल्यांसाठीं केलेलें हें यंत्र साध्या गिटारवाल्यांनींच अधिक उचलून धरलें.

पुढें १९६२ सालीं लंडनच्या हॅनवेल भागांत जिम मार्शल ह्यांच्या वाद्यांच्या दुकानांत ह्याच बासमनची विलायती आवृत्ति तयार झाली. मार्शल हे पेशानें ड्रमवादक. विजेचें काम केन ब्रॅन व डडली क्रेव्हन ह्यांनीं केलें. अमेरिकन यंत्राच्या जोडणीचा नकाशा त्यांनीं जवळजवळ जसाच्या तसा घेतला. पण पेटी निराळी केली. सेलेशन कंपनीचे बारा इंची स्पीकर त्या काळीं थोड्या वॅटांचाच भार सोसत. दोन स्पीकर पुरेनात, म्हणून चार घेतले, आणि ते बंद पाठीच्या पेटींत घालून यंत्र तिच्या डोक्यावर ठेवलें. नकाशा बव्हंशीं एकच, पण आवाज दोन. आणि ह्या दुसऱ्या आवाजावर पुढें संगीताचा एक संपूर्ण पंथ उभा राहिला.

येथें उत्साही लेखक लगेच निर्णय देऊन मोकळा होईल कीं, सारा चमत्कार पेटीचाच. परंतु साक्षीपुराव्याचा विचार करणाऱ्यानें थोडें थांबावें. हॅनवेल येथें पेटीबरोबर आणखी गोष्टीहि बदलल्या होत्या: ट्रान्सफॉर्मर विलायती होता, पहिला व्हॉल्व्ह अधिक वर्धन करणारा होता, स्पीकरचा कारखानाहि निराळा होता. एका वेळीं चार कारणें बदललीं असतां कार्याचें श्रेय त्यांपैकीं एकालाच देणें न्यायाचें होत नाहीं.

सुदैवानें ह्या खटल्यांत तिसरा साक्षीदार आहे. मार्शल ह्यांनीं थोड्याच काळांत तेंच यंत्र बारा इंची दोन स्पीकरांसह उघड्या पाठीच्या एकाच पेटींत बसवून विकावयास काढलें. त्याचा अनुक्रमांक १९६२. हें सालाचें नांव नव्हे, हें ध्यानांत ठेवावें. १९६६ सालीं एरिक क्लॅप्टन ह्यांनीं जॉन मेयॉल ह्यांच्या ‘ब्लूज ब्रेकर्स’बरोबर जी ध्वनिमुद्रिका केली ती ह्याच पेटीवर, आणि पुढें त्या पेटीलाहि तेंच नांव पडलें. हा आवाज ऐकावा: यंत्राचा कडवेपणा बंद पेटीच्या घराण्याचा आहे, पण त्याची मोकळीक उघड्या पाठीची आहे. चौथा साक्षीदार व्हॉक्स कंपनीचा ‘एसी ३०’. बीटल्सच्या आरंभींच्या गाण्यांत ऐकूं येणारा तो हाच. त्यांतहि बारा इंची दोन सेलेशन स्पीकरच होते, पण पाठ उघडी होती. आणि त्याचा लखलखीत आवाज मार्शलच्या चार स्पीकरांच्या पेटीच्या जवळपासहि जात नाहीं. व्हॉक्सचें यंत्र निराळें, हें कबूल. पण चारी जबान्या एकत्र वाचल्या म्हणजे इतकें सिद्ध होतें कीं, आवाजाचा कडवेपणा मुख्यतः यंत्राकडून येतो, आणि त्याचें अंग, त्याचा विस्तार व त्याचा धक्का हे मुख्यतः पेटीकडून येतात. त्यांतहि दोघांचा संसार अगदीं वेगळा नाहीं. स्पीकरचा विद्युत्-विरोध प्रत्येक स्वराला निराळा असतो, आणि व्हॉल्व्हचें यंत्र त्याप्रमाणें आपलें वागणें बदलतें. म्हणजे पेटी नुसती आज्ञाधारक नसून ती यंत्रालाहि थोडें वांकविते.

ह्या पेटीनें माणसालाहि वांकविलें. १९६५ सालीं ‘द हू’ ह्या मंडळींतील पीट टाउनशेंड ह्यांनीं मार्शलकडे शंभर वॅटचें यंत्र आणि आठ स्पीकरांची एकच अजस्र पेटी मागितली. पेटी झाली, पण ती उचलणाऱ्या हमालांच्या कंबरा मोडूं लागल्या, तेव्हां तिचे दोन तुकडे करून एकावर एक रचण्यांत आले. ज्या दुहेरी मनोऱ्याला पुढें लोकांनीं सामर्थ्याचें प्रतीक मानलें, त्याच्या मुळाशीं हमालांची पाठदुखी होती. मोठमोठ्या सभागृहांत पुरेशी ध्वनिव्यवस्था नसल्यानें सारा आवाज रंगमंचावरूनच जावयाचा, हें त्या मनोऱ्यांचें खरें समर्थन होतें. पुढें प्रत्येक वाद्यासमोर मायक्रोफोन आला आणि तें समर्थन उरलें नाहीं. पण मनोरे राहिले. त्याची किंमत कानांनीं चुकविली. स्वतः टाउनशेंड ह्यांनीं आपल्या श्रवणशक्तीच्या हानीविषयीं जाहीरपणें सांगितलें आहे. गरज संपल्यावरहि वैभव चालूं राहतें आणि त्याचें देणें भलत्याच अवयवाला द्यावें लागतें, हा धडा केवळ संगीताच्या इतिहासांतला नव्हे.

आज तर ही पेटी अदृश्य झाली आहे. तिचा प्रतिसाद मोजून संगणकाच्या एका लहानशा फाइलींत सांठवितात, आणि वादक कानांत गोळे घालून तो ऐकतो. पेटीचा काळ संपला, असें कोणी म्हणतात. मला ह्यांत नेमकी उलट साक्ष दिसते. गिटारीचा बारा इंची स्पीकर सेकंदास सुमारें पांच हजार कंपनांच्या वर झपाट्यानें मुका होत जातो. यंत्राचा जो कर्कश भाग त्या मर्यादेपलीकडे असतो तो पेटीबाहेर पडतच नाहीं. पेटीशिवाय तें यंत्र थेट ऐकावें तर डब्यांत कोंडलेल्या गांधिलमाशीसारखें गुणगुणतें. म्हणून ज्यांनीं पेटी टाकून दिली, त्यांनाहि तिची छाया विकत घ्यावी लागते. टाकून दिल्यावर जिची नक्कल करावी लागते, ती वस्तु निरुपयोगी होती असें कोण म्हणेल?

त्या तालमीच्या शेवटीं मुलांनीं मला कौल मागितला: कोणती पेटी चांगली? मीं म्हटलें, आधीं दोन्हींचा आवाज सारख्याच मोठेपणाचा करा, कारण जो मोठा तो कानाला चांगला वाटतो. मग मला एकाच जागीं बसवा, आणि कोणती वाजते आहे तें सांगूं नका. त्यांनीं तसें केलें. दोन पेट्यांतला फरक तेव्हांहि स्पष्ट राहिला, पण माझी मघाची आवड मात्र डळमळली: जी मला भारदस्त वाटली होती ती पुष्कळशी केवळ मोठी होती. इतिहासांतील थोर व्यक्ति व घटना तोलतांनाहि आपण हीच खबरदारी घेतली, तर आपले कांहीं निकाल फिरवावे लागतील, आणि कांहीं मुकाट बैलांना त्यांचा दाणा उशिरानें कां होईना, पण मिळेल.