नोंदीतला खंड

समुद्रावर नजर ठेवणाऱ्या उपग्रहांचा इतिहास बहुधा प्रक्षेपणांच्या तारखांनी सांगितला जातो. 26 मे 1999 रोजी श्रीहरिकोट्याहून ओशनसॅट-1 गेला, 23 सप्टेंबर 2009 रोजी ओशनसॅट-2 आणि 26 नोव्हेंबर 2022 रोजी ईओएस-06, म्हणजेच ओशनसॅट-3. या तारखांचा अभिमान रास्तच आहे. पण या कामाचे खरे यशापयश तारखांच्या मधल्या काळात पाहावे लागते. एक उपग्रह बंद पडला तेव्हा दुसरा कक्षेत होता का, हा कळीचा प्रश्न आहे. समुद्राचे दीर्घकालीन बदल एका उपग्रहाच्या आयुष्यात मावत नाहीत. त्यामुळे एखादे उपकरण किती आधुनिक आहे यापेक्षा नोंद अखंड राहिली का, याला मी अधिक मोल देतो.

सुरुवातच खंड पडून झाली. खास समुद्रासाठी बांधलेला नासाचा सीसॅट 27 जून 1978 रोजी कक्षेत गेला आणि 105 दिवसांनी, 10 ऑक्टोबरला, विद्युत यंत्रणेतल्या बिघाडाने मुका झाला. समुद्रावरचा वारा मोजणारे त्याचे स्कॅटरोमीटर लाटांवरच्या बारीक तरंगांवर रडारचे स्पंद सोडून परतणाऱ्या प्रतिध्वनीवरून वाऱ्याचा वेग आणि दिशा काढत असे. हे जमते, हे त्याने सिद्ध केले. पण तसे उपकरण पुन्हा कक्षेत जायला 1991 साल आणि युरोपचा ईआरएस-1 उजाडावा लागला. पाण्याच्या रंगावरून त्यातल्या सूक्ष्म वनस्पतींचा, म्हणजे वनस्पती-प्लवकांचा, अंदाज येतो; त्या रंगाच्या नोंदीची कथाही फार वेगळी नाही. 1978च्या निंबस-7 वरचे रंगमापक 1986 मध्ये थांबले. त्याची जागा दीर्घकाळ चालवणारा सीविफ्स 1997 मध्ये आला. मधल्या 11 वर्षांमुळे जुने आणि नवे उपकरण एकाच वेळी एकाच पाण्यावर तपासून घेताच आले नाही. दोन मापांनी धान्य मोजावे आणि ती मापे एकमेकांशी कधी ताडूनच पाहू नयेत, तसे हे झाले.

याचा फटका आपल्याच अरबी समुद्राच्या अभ्यासाला बसला. 2005 मध्ये जोकिम गोएस आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडले की 1997 नंतरच्या काही वर्षांत पश्चिम अरबी समुद्रात मान्सूनच्या महिन्यांतले वनस्पती-प्लवक कित्येक पटींनी वाढले. हिमालयावरचा बर्फ घटला, जमीन अधिक तापली, नैर्ऋत्य वारे जोरदार झाले आणि त्यांनी खोल पाण्यातली पोषणद्रव्ये वर आणली, असे त्यांचे स्पष्टीकरण होते. 2016 मध्ये पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकारी उलट निष्कर्षावर आले: पश्चिम हिंदी महासागरात गेल्या सहा दशकांत प्लवक 20 टक्क्यांपर्यंत घटले, कारण तापलेला वरचा थर खालच्या थंड, पोषक पाण्याला वर येऊ देत नाही. दोन्ही अभ्यासांचे क्षेत्र आणि पद्धत तंतोतंत सारखी नव्हती, हे मान्य. तरी पहिल्या अभ्यासाकडे जेमतेम सात वर्षांची उपग्रह-नोंद होती, दुसऱ्याकडे त्याच्या दुपटीहून मोठी, आणि तिला संगणकीय प्रारूपांची जोड होती. सात वर्षांतला चढ हा कल आहे की नेहमीचा चढउतार, हे सात वर्षे सांगू शकत नाहीत. 1986 नंतर खंड पडला नसता, तर हा वाद कितीतरी आधी पुराव्यावर तपासता आला असता.

खंड टाळता येतो, हे समुद्रपातळीच्या नोंदीने दाखवले आहे. 1992 मध्ये ही पातळी मोजणारा टोपेक्स/पोसायडन उपग्रह गेला. 2001च्या अखेरीस जेसन-1 गेला, तेव्हा दोघे काही महिने एकाच मार्गावर साधारण मिनिटभराच्या अंतराने फिरवले गेले, ते केवळ मापे जुळवण्यासाठी. पुढच्या प्रत्येक उपग्रहाबाबत हेच पाळले गेले. म्हणून 1993 पासून समुद्र सरासरी सुमारे 10 सेंटिमीटर वर आला, असे आज खात्रीने म्हणता येते. भारताचाही यात वाटा आहे. एप्रिल 2012 मध्ये युरोपच्या एन्व्हिसॅटशी संपर्क तुटल्यावर फ्रान्ससोबतचा ‘सरल’ हा उपग्रह फेब्रुवारी 2013 मध्ये त्याच जुन्या कक्षेत सोडला गेला.

आपल्या स्वतःच्या मालिकेत मात्र सातत्य आणि खंड, दोन्ही गोष्टी दिसतात. ओशनसॅट-1चा रंगमापक आठ पट्ट्यांत, 1420 किलोमीटर रुंदीचा समुद्र टिपत दर दोन दिवसांनी त्याच पाण्यावर परतायचा. तो 2010 पर्यंत टिकला, त्यामुळे ओशनसॅट-2शी त्याची गाठ पडली. लक्षद्वीपच्या कवरत्तीजवळ पाण्यातल्या उपकरणांशी मापे ताडण्याची सोयही झाली. वाऱ्याचे तसे झाले नाही. ओशनसॅट-2चे स्कॅटरोमीटर फेब्रुवारी 2014 मध्ये बंद पडले आणि त्याची जागा घेणारा स्कॅटसॅट-1 सप्टेंबर 2016 मध्ये गेला. तोही फेब्रुवारी 2021 मध्ये थांबला, आणि पुढचे उपकरण नोव्हेंबर 2022 पर्यंत आले नाही. त्या दुसऱ्या पोकळीतच, मे 2021 मध्ये, कोकण किनाऱ्याला घासून तौक्ते चक्रीवादळ गेले.

त्या वेळी अंदाज अडला नाही, युरोपचे उपग्रह होतेच, मग स्वतःची साखळी कशाला, असा आक्षेप येईल. त्यातले पहिले विधान खरे आहे. पण उपग्रह वादळावरून ठराविक वेळीच जातो, म्हणून एक कमी झाला की दोन मापांमधले तास वाढतात. शिवाय नोव्हेंबर 2009 मध्ये अमेरिकेच्या वारा मोजणाऱ्या क्विकस्कॅट उपग्रहाचा अँटेना फिरायचा थांबला, तेव्हा ओशनसॅट-2 जगाच्या उपयोगी पडला. देवाणघेवाण टिकायची तर देणाराही हवा.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो: हैदराबादच्या इन्कॉइस या सागरी माहिती केंद्राकडून पाण्याचा रंग आणि तापमान पाहून संभाव्य मासेमारी क्षेत्रांची सूचना निघते, ती मासळी ओरबाडायलाच मदत करत नाही का? धोका आहे. मासेमारीबंदीच्या काळात या सूचना थांबवल्या जातात, पण तेवढे पुरेसे नाही. तरी तीच नोंद नसेल तर बांगडा-तारली का घटली, जाळ्यांमुळे की तापलेल्या पाण्यामुळे, हे वेगळे काढण्याचा मार्गच उरत नाही. त्यासाठी दशकांची सलग नोंद लागते. ईओएस-06चे नियोजित आयुष्य पाच वर्षांचे आहे, म्हणजे 2027 पर्यंतचे. त्याचा उत्तराधिकारी तो चालू असतानाच, मापे जुळवायला पुरेसे महिने हाताशी ठेवून, कक्षेत जायला हवा.