मैत्री : जीवनदायी औषध

पवित्र शास्त्रात मैत्रीविषयी विपुल शिकवण आहे. मित्राची खरी ओळख संकटकाळी पटते, हे तिचे मुख्य सूत्र. बेन सिराच्या ग्रंथाचा सहावा अध्याय मित्राची आधी पारख करण्याचा व्यवहारी सल्ला देतो. पंक्तीला बसणारे पुष्कळ, विपत्तीत टिकणारे थोडे, हे ग्रंथकार जाणतो. एकनिष्ठ मित्राला तो भक्कम आश्रय, खजिना आणि जीवनदायी औषध म्हणतो.

दावीद आणि योनाथान

योनाथान हा शौल राजाचा पुत्र. सिंहासनावर त्याचा हक्क होता. तरीही त्याने आपला झगा, तलवार, धनुष्य व कमरबंद दावीदाला दिला आणि पित्याच्या रोषापासून त्याला वाचविले (१ शमुवेल १८-२०). पुढे योनाथान रणात पडला व दावीद राजा झाला. तेव्हा दावीदाने योनाथानाचा पायांनी अधू असलेला पुत्र मफीबोशेथ याचा शोध घेतला, शौलाची शेतजमीन त्याला परत दिली आणि आपल्या पंक्तीला कायमचे स्थान दिले (२ शमुवेल ९). मित्र गेला, तरी मैत्रीचे कर्तव्य उरले.

छप्पर उघडणारे चौघे

कफर्णहूम येथे चौघांनी एका पक्षाघाती मनुष्याला उचलून आणले. गर्दीमुळे वाट मिळेना, म्हणून त्यांनी छप्पर उघडून त्याला प्रभू येशूपुढे सोडले. येशूने 'त्यांचा' विश्वास पाहिला, असे संत मार्क नोंदवितात (२:१-१२). ज्याला स्वतः चालता येत नाही, त्याला इतरांचा विश्वासही प्रभूपर्यंत नेतो.

पाचगणीतील साक्ष

आपल्या परिसरात या शिकवणीचे जिवंत उदाहरण आहे. सातारा जिल्ह्यातील पाचगणी येथे डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये क्षयरोग्यांसाठी बेल-एअर हे आरोग्यधाम स्थापन केले. १९६४ मध्ये ते भारतीय रेडक्रॉस सोसायटीकडे आले. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकापासून तेथे फ्रान्सालियन धर्मगुरूंच्या नेतृत्वाखाली एचआयव्ही-एड्सच्या रुग्णांची सेवा होऊ लागली.

त्या काळी सातारा व सांगली हे एचआयव्हीची लागण अधिक असलेल्या जिल्ह्यांत मोडत. शासनाची मोफत औषधयोजना १ एप्रिल २००४ रोजी सुरू झाली. त्यापूर्वी हे उपचार सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचे होते. स्पर्शाने, एकत्र जेवल्याने हा रोग पसरत नाही. तरीही भीतीपोटी अनेक रुग्णांचे ताट वेगळे झाले, काहींना घर सोडावे लागले. अशा वेळी रुग्णाजवळ बसणारा माणूस हेच पहिले औषध होते.

फ्रान्सालियन संघ ज्या संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नावाने ओळखला जातो, त्यांनी १६०९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भक्तिजीवनावरील आपल्या ग्रंथात खऱ्या व पोकळ मैत्रीचा भेद सविस्तर सांगितला आहे, हे येथे स्मरणीय.

आपल्यासाठी बोध

ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ मूकपणे बसले, तोवर ते खरे मित्र होते (ईयोब २:११-१३). त्याच्या दुःखाची कारणे सांगू लागले, तेव्हा ते त्याला भार झाले. आपल्या धर्मग्रामातही दीर्घकाळ आजारी असलेले, एकाकी वृद्ध, लोकलज्जेने मिस्साला न येणारे बांधव आहेत. शेवटच्या भोजनाच्या वेळी प्रभूने शिष्यांना दास न म्हणता मित्र म्हटले (योहान १५:१५). त्या भोजनात सहभागी होणाऱ्या आपण, बंधुभगिनींनो, या आठवड्यात त्यांपैकी एकाचे तरी दार ठोठवावे. उपदेश न करता घटकाभर बसावे.