थंडीत बाळ गप्प झाले तर...

ठाणे, प्रतिनिधी

‘आपल्याकडे कसली आली थंडी!’ हे वाक्य डिसेंबर-जानेवारीत ठाणे, कल्याण, डोंबिवलीत हमखास ऐकू येते. मोठ्यांपुरते ते खरेही आहे. मात्र मुंबईत सांताक्रूझ येथे २२ जानेवारी १९६२ रोजी ७.४ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले होते आणि समुद्रापासून दूर असलेल्या कल्याण-बदलापूर पट्ट्यात पहाटेचा पारा अनेकदा मुंबईपेक्षा खाली असतो. तान्ह्या बाळाला तर याहून कितीतरी सौम्य गारवाही बाधू शकतो.

हिमदंश नव्हे, तापमानातील घट

हिमदंशात त्वचा व खालचा भाग गोठतो. त्यासाठी शून्याखालील तापमान लागते, त्यामुळे आपल्या भागात ती भीती नाही. येथे धोका आहे तो बाळाच्या शरीराचे तापमान घसरण्याचा. जागतिक आरोग्य संघटनेनुसार नवजात बाळाचे तापमान ३६.५ ते ३७.५ अंश असावे. ३६ अंशांखाली गेल्यास ते धोक्याचे, तर ३२ अंशांखालील स्थिती अतिगंभीर मानली जाते.

वजनाच्या मानाने बाळाच्या त्वचेचे क्षेत्रफळ मोठे आणि त्वचेखालची चरबी कमी असते. मोठ्यांप्रमाणे कुडकुडून त्याला ऊब निर्माण करता येत नाही. गार पडलेले बाळ सहसा रडून गोंधळही घालत नाही. ते मलूल होते, दूध ओढत नाही, झोपून राहते. ‘आज किती शांत आहे’ असे वाटते, तेव्हाच त्याला हात लावून पाहायला हवे.

हाताने पारख

आपला हात उबदार करून बाळाचे पोट व तळपाय तपासावेत.

- दोन्ही उबदार : बाळ ठीक आहे.
- पोट उबदार, पाय गार : बाळाला थंडी वाजते आहे, लगेच ऊब द्या.
- दोन्ही गार : तातडीने रुग्णालय गाठा. रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक आहे.

रुग्णालयात नेतानाही बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून वरून शाल गुंडाळावी. रिक्षाच्या उघड्या बाजूने येणारा वारा अडवावा.

घरात काय करावे?

जन्मानंतर बाळ लगेच कोरडे करावे. पहिली अंघोळ किमान २४ तास लांबवावी. कमी वजनाच्या बाळाला डॉक्टर सांगेपर्यंत न्हाऊ घालू नये. एरवीही अंघोळ दुपारी, खिडक्या बंद करून, थोडक्यात उरकावी आणि डोके आधी पुसावे. ओले दुपटे तत्काळ बदलावे. मोठ्यांपेक्षा कपड्यांचा एक थर जास्त पुरेसा असतो. झोपेत तोंडावर पांघरूण येऊ देऊ नये. बंद खोलीत कोळशाची शेगडी किंवा धुरी नको. हवा खेळत नसलेल्या न्हाणीघरातील गॅस गिझरही घातक ठरतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

सर्वांत स्वस्त उपाय

कमी वजनाच्या बाळाला आईच्या त्वचेला त्वचा लावून छातीशी ठेवण्याची ‘कांगारू’ पद्धत १९७८ मध्ये कोलंबियात सुरू झाली. वडील किंवा आजीही ती करू शकतात. महाराष्ट्रातही गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत प्रशिक्षित महिलांमार्फत घरच्या घरी नवजात सेवा दिली. ऊब राखणे हा तिचा एक भाग होता. नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचा त्यांचा अहवाल १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. २०११ पासून देशभर आशा सेविका ४२ दिवसांपर्यंत घरभेटी देतात, त्याची प्रेरणा याच कामात आहे.

सहलीला निघताना

मनाली, गुलमर्गला बाळासह जाणाऱ्यांनी मात्र हिमदंशाचा विचार करावा. बोटे, कान, नाक पांढरट वा कडक झाल्यास चोळू नये, शेकोटीजवळ धरू नये. ओले मोजे काढून बाळाला अंगाशी घ्यावे व तडक डॉक्टरांकडे न्यावे.