मोज्याच्या कुत्र्याने बुडवलेलं दुकान

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, की 'पहिल्या ऑर्डरवर इतके टक्के सूट' हा प्रकार कंपन्यांना परवडतो तरी कसा? उत्तर द्यायला आज तुम्हाला अमेरिकेत घेऊन जातो. वर्ष १९९९. गोष्ट एका कुत्र्याची आहे, आणि तो कुत्रा म्हणजे चक्क एक मोजा आहे.

पांढरा मोजा हातात चढवलेला, बटणांचे डोळे, गळ्यात पट्ट्याच्या जागी मनगटी घड्याळ आणि हातात माइक. हा बाहुला म्हणजे 'पेट्स डॉट कॉम'चा चेहरा. कंपनी सुरू झाली नोव्हेंबर १९९८ मध्ये. कुत्र्या-मांजरांचं खाणं, खेळणी, पट्टे, मांजराच्या शीची वाळू, सगळं इंटरनेटवरून मागवा आणि घरपोच घ्या. आज यात काहीच विशेष वाटत नाही. पण तेव्हा बहुतेकांच्या घरी इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरून, खरखर आवाज करत लागायचं. ॲमेझॉननेही या कंपनीत पैसे घातले होते. जाहिरातीतला मोजा म्हणायचा, 'कारण प्राण्यांना गाडी चालवता येत नाही!'

वाक्य झकास आहे. फक्त प्राण्यांच्या मालकांना गाडी चालवता येत होती, आणि ऑफिसातून घरी येताना वाटेत सुपरमार्केट लागत होतं. तिथे तेच खाणं मिळायचं, लगेच मिळायचं. माझ्या घरी मांजर आहे. डबा रिकामा झालाय हे मला रात्री नऊ वाजता कळतं आणि बाईसाहेब सव्वानऊला ओरडायला लागतात. अशा वेळी चार दिवसांनी येणारं पार्सल काय कामाचं? मग माणसाने वाट का बघावी? थोडक्यात, त्याला तसंच घसघशीत कारण द्यायला हवं. ते कारण म्हणजे सूट.

आता गंमत बघा. एकाच वेळी चार कंपन्या याच धंद्यात उतरल्या होत्या. पेट्स डॉट कॉम, पेटोपिया, पेटस्टोअर डॉट कॉम आणि पेटस्मार्ट डॉट कॉम. माल तोच, गिऱ्हाईक तेच. एकाने भाव उतरवला की दुसऱ्याला उतरवावाच लागे. पेट्स डॉट कॉम तर सुरुवातीच्या काळात खरेदीच्या साधारण एक तृतीयांश किमतीला माल विकत होती! म्हणजे तीन डॉलरला आणलेली वस्तू एका डॉलरला. आपल्याकडे आवळा देऊन कोहळा काढतात. इथे कोहळा देऊन आवळा घेणं चाललं होतं.

त्यात खाण्याची पिशवी. विचार करा, दहा-पंधरा किलोचं पोतं. प्राण्यांच्या खाण्यात नफा मुळात बारीक, आणि वजन मात्र दणदणीत. पुस्तक पोस्टाने पाठवणं वेगळं, पोतं पाठवणं वेगळं. नफा असतो तो पट्ट्यात, खेळण्यात. पण पट्टा माणूस वर्षातून एकदा घेतो आणि पोतं दर महिन्याला. म्हणजे ज्या वस्तूवर तोटा, तीच सगळ्यात जास्त खपणार.

जाहिरातीचा खर्च ऐकलात तर चक्रावून जाल. फेब्रुवारी ते सप्टेंबर १९९९ या काळात विक्री झाली ६ लाख १९ हजार डॉलरची. जाहिरातीवर गेले १ कोटी १८ लाख. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात ना? इथे मसाला एकोणीस पट होता. जानेवारी २००० मध्ये सुपर बोलच्या सामन्यात, म्हणजे तिकडच्या आयपीएल फायनलच समजा, १२ लाख डॉलर मोजून जाहिरात दाखवली. मोजा तुफान गाजला. त्याआधी न्यूयॉर्कच्या मेसीज परेडमध्ये त्याचा अवाढव्य फुगासुद्धा उडाला होता. मोज्याच्या बाहुल्याही विकायला आल्या.

फेब्रुवारी २००० मध्ये शेअर बाजारात नोंदणी झाली. ११ डॉलरला एक शेअर, एकूण ८ कोटी २५ लाख डॉलर जमा. पण मार्चपासून इंटरनेट कंपन्यांचे शेअर कोसळायला लागले आणि नवा पैसा मिळेना. ७ नोव्हेंबर २००० ला कंपनीने दुकान बंद करत असल्याचं जाहीर केलं. नऊ महिनेही झाले नव्हते! शेअर १९ सेंटवर आला होता. ३२० पैकी २५५ जणांची नोकरी गेली. हा आकडा गोष्ट सांगताना बहुतेक जण गाळतात, कारण मोज्याचं हसू जास्त मजेदार आहे.

सगळे म्हणतात, 'काळाच्या आधी आली म्हणून बुडाली.' मला हे अर्धंच पटतं. इंटरनेट हळू होतं हे खरं, पण खरा गोंधळ हिशोबात होता. कंपनीचा अंदाज असा, की कुत्रा दहा-बारा वर्षं जगतो, म्हणजे एकदा गिऱ्हाईक पकडलं की दहा-बारा वर्षांची कमाई. म्हणून सुरुवातीला तोटा चालेल. पण सुटीसाठी आलेला माणूस पुढच्या सुटीच्या मागे जातो. त्याचं कुत्र्यावर प्रेम असतं, दुकानावर नसतं.

२०११ साली 'च्युई' नावाची कंपनी याच धंद्यात उतरली. तीसुद्धा जड पोती घरपोच देते, तीसुद्धा सूट देते. फरक कुठे? तिच्या सुटीला अट आहे. दर महिन्याला किंवा ठरावीक दिवसांनी पोतं आपोआप येईल अशी नोंदणी करा, मग थोडी सूट. आपल्याकडे याला काय म्हणतात? रतीब! दूधवाल्याने जे पिढ्यान्‌पिढ्या केलं तेच. गिऱ्हाईक टिकलं तर सूट वसूल होते, आणि किती माल लागणार हे आधीच कळतं.

आणखी एक. कुणाचा कुत्रा गेला आणि न उघडलेलं पोतं परत करायचं असेल, तर च्युईने पैसे परत देऊन, 'पोतं जवळच्या प्राणी निवाऱ्याला देऊन टाका' असं सांगितल्याचे आणि मागाहून घरी फुलं पाठवल्याचे किस्से प्रसिद्ध आहेत. यालाही खर्च येतोच. पण हा खर्च तीन डॉलरचा माल एका डॉलरला देण्यापेक्षा पुष्कळ स्वस्त पडतो, आणि तो माणूस नवं पिल्लू आणतो तेव्हा कुठे जातो हे सांगायला नको. २०१७ मध्ये पेटस्मार्टने च्युई विकत घेतली, सुमारे ३३५ कोटी डॉलरला.

तुमच्यातला कुणी पेट शॉप किंवा ग्रूमिंग सुरू करणार असेल तर 'पहिली आंघोळ फुकट' असा बोर्ड खुशाल लावा. फक्त दुसऱ्या आंघोळीला तो कुत्रा कशासाठी येणार, ते त्याच कागदावर लिहून काढा.

बाकी मोज्याचं काय झालं? २००२ मध्ये त्याला नोकरी लागली. ज्यांना बँका उभं करत नाहीत अशांना गाडीसाठी कर्ज मिळवून देणाऱ्या एका कंपनीची तो जाहिरात करायला लागला. घोषवाक्य होतं, 'प्रत्येकाला दुसरी संधी मिळायला हवी.' आणि पेट्स डॉट कॉम हा पत्ता? तो डिसेंबर २००० मध्येच पेटस्मार्टने विकत घेतला.