मोतीबिंदू : सुईपासून भिंगापर्यंत

महाशिवरात्रीस गडचिरोली जिल्ह्यातील मार्कंडा येथे वैनगंगेच्या काठी मोठी यात्रा भरते. दक्षिणेकडे जाणारी नदी येथे उत्तरेस वळते, आणि त्या वळणावर शिल्पांनी नटलेली जुनी देवालये उभी आहेत. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेल्या वृद्धास मात्र येथील देवदर्शन म्हणजे नातवाचा हात धरून गाभाऱ्यापर्यंत जाऊन येणे, एवढेच उरते. हे अंधत्व दूर करण्याचा प्रयत्न ह्या देशात फार प्राचीन काळापासून चालत आला आहे. मग ते अद्याप शिल्लक का राहावे, ह्या प्रश्नाचे उत्तर त्या प्रयत्नांच्या इतिहासातच सापडते.

डोळ्याच्या बाहुलीमागे एक पारदर्शक भिंग असते. वयोमानाने त्यातील प्रथिनांची रचना बिघडून ते गढूळ होते. मधुमेह, डोळ्यास झालेली इजा व दीर्घकाळ घेतलेली स्टिरॉइड औषधे ह्यांमुळे ही क्रिया लवकर घडते. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कफजन्य लिंगनाशावर शलाकेने करावयाची शस्त्रक्रिया वर्णिली आहे. शलाका डोळ्यात घालून दृष्टीआडचा पडदा दूर करावयाचा, मग डोळा बांधून रोग्यास उताणे निजवावयाचे, आणि शिंक, खोकला, ढेकर ह्यांपासून त्यास जपावयाचे, असा तिचा क्रम आहे. ह्या परंपरेतील क्रियेने गढूळ भिंग डोळ्याबाहेर येत नसे. ते दृष्टीच्या वाटेतून केवळ बाजूस ढकलले जाई.

कालांतराने ही विद्या फिरत्या सुईवाल्यांच्या हाती गेली. रोग्यास तत्काळ उजेड दिसे, सुईवाल्यास मोबदला मिळे, आणि पुढे डोळ्यात पू होऊन तो कायमचा जाई तेव्हा सुईवाला दुसऱ्या गावी पोहोचलेला असे. मद्रासच्या सरकारी नेत्र रुग्णालयाचे प्रमुख राहिलेले रॉबर्ट हेन्री इलियट ह्यांनी १९१७ साली ह्या क्रियेवर स्वतंत्र ग्रंथ लिहून तिने झालेली डोळ्यांची हानी जगापुढे मांडली. तथापि एक गोष्ट मान्य केलीच पाहिजे. ती सुई घातक होती खरी, परंतु ती रोग्याच्या दारी येत होती.

ह्याच्या उलट उदाहरण तंजावरच्या मराठी दरबारात सापडते. सरफोजी राजे दुसरे ह्यांची कारकीर्द १७९८ ते १८३२ अशी झाली. राज्यकारभार इंग्रजांकडे गेल्यावर ह्या भोसले राजाने आपले लक्ष विद्येकडे वळविले, आणि धन्वंतरी महालात देशी व पाश्चात्य वैद्यकाचा अभ्यास चालविला. त्यांच्या संग्रहातील नेत्ररोग्यांची टिपणे तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात जतन केलेली आहेत. त्यांत रोग्याची हकीकत, केलेले उपचार आणि कोठे कोठे रोगट डोळ्याचे चित्रही आढळते. आपल्या रोग्याचे पुढे काय झाले हे पाहावयास सुईवाला थांबत नसे. येथे रोग्याची हकीकत लिहून ठेविली जात होती. शास्त्र व हातचलाखी ह्यांतील भेद तो हाच. परंतु ह्या शास्त्राचा लाभ जो तंजावरास पोहोचेल त्यासच होता.

युरोपात फ्रेंच शस्त्रवैद्य झाक दाव्हिएल ह्याने १७४७ च्या सुमारास भिंग डोळ्याबाहेर काढण्याची रीत सुरू केली. भिंग गेल्यावर रोग्यास सोडावॉटरच्या बाटलीच्या काचेसारखा जाड चष्मा लावावा लागे. ही उणीव लंडनच्या हॅरोल्ड रिडली ह्यांनी दूर केली. युद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत शिरलेले विमानाच्या तावदानाचे तुकडे डोळ्यास विशेष अपाय करीत नाहीत, हे ध्यानी घेऊन त्यांनी १९४९ साली त्याच जातीच्या प्लॅस्टिकचे भिंग डोळ्यात बसविले. १९६७ साली अमेरिकेत चार्ल्स केलमन ह्यांनी ध्वनिलहरींनी भिंग फोडून बारीक छेदातून ओढून घेण्याची रीत काढली. मदुरेस ऑरोलॅब ह्या संस्थेने १९९२ पासून कृत्रिम भिंगे बनविण्यास आरंभ केला, आणि त्यांची किंमत सामान्यांच्या आवाक्यात आली.

आज आरंभीच्या अवस्थेत चष्म्याचा नंबर बदलून काही काळ निभावते. परंतु कोणत्याही थेंबांनी मोतीबिंदू विरघळत नाही. दैनंदिन व्यवहार अडू लागले की शस्त्रक्रिया करावी. तो पुरता पिकेपर्यंत थांबण्याची आता गरज नाही, उलट फार पिकलेल्याने डोळ्यास धोका संभवतो. ध्वनिलहरींच्या यंत्राखेरीज हाताने, लहान छेदातून व बहुधा टाक्यांवाचून करावयाची रीतही आहे. ती स्वस्त असून पिकलेल्या मोतीबिंदूसही चालते. दोन्ही रीतींत कृत्रिम भिंग बसविता येते.

तेव्हा उणीव विद्येची नाही, अंतराची आहे. निर्जंतुक शस्त्रक्रियागृह सुईप्रमाणे झोळीत घालून रानावनात नेता येत नाही. म्हणून शिबिरात गावोगावी डोळे तपासावयाचे आणि शस्त्रक्रिया रुग्णालयात करावयाची, ही रीतच रास्त होय. परंतु त्यासाठी वृद्धास गावाहून नेणारे वाहन हवे, सोबतीस आपला रोज बुडविणारे माणूस हवे, आणि नंतर डोळ्यात वेळेवर औषध घालणारा हात हवा. ह्यांपैकी एक जरी चुकले, तरी उत्तम भिंग रुग्णालयातच पडून राहते. आणि सुशिक्षित घरांत तरी काय होते? आजीस दिसेनासे झाले की 'आता वयच झाले' म्हणून तो विषय संपतो. येथे अंतर कोसांचे नसून केवळ मनाचे असते. ते तरी आपण आजच तोडावे.